मूतखड्याचे उपचार: सोलापुरातल्या एका रुग्णालयाचा अनुभव
पहाटे कमरेतून जांघेकडे उतरणाऱ्या कळा आणि उलट्या अशा अवस्थेत मी या मूत्रविकार रुग्णालयात पोहोचलो, तेव्हा कागदपत्रांआधी वेदनाशामक इंजेक्शन दिले गेले, ही पहिली जमेची बाजू. सोनोग्राफीत मूत्रपिंडाला सूज दिसली, पण खडा दिसला नाही. मूत्रवाहिनीतले खडे सोनोग्राफीतून अनेकदा निसटतात, हे समजावून डॉक्टरांनी शिरेतून औषध न देता होणारा सीटी स्कॅन करून घेतला आणि मूत्रवाहिनी मूत्राशयाला मिळते तिथे अडकलेला ५ मिलिमीटरचा खडा सापडला. एवढा खडा बहुधा आपोआप पडतो, म्हणून शस्त्रक्रियेची घाई न करता मूत्रवाहिनी सैल करणाऱ्या टॅमसुलोसिनच्या गोळ्या, भरपूर पाणी आणि ताप आल्यास तत्काळ परत येण्याची ताकीद मिळाली. नवव्या दिवशी लघवी गाळायच्या जाळीत साबुदाण्याएवढा, काटेरी, तपकिरी खडा आला. तपासणीत तो कॅल्शियम ऑक्झलेटचा निघाला. दूध बंद करू नका, मीठ कमी करा, हा सल्ला शेजाऱ्यांनी आग्रहाने पाजलेल्या पानफुटीच्या रसापेक्षा मला अधिक पटला. विम्याच्या कागदांसाठी मात्र बिलाच्या खिडकीपाशी तीन तास ताटकळावे लागले, आणि आहाराचा तक्ता केवळ इंग्रजीत होता.