ठासणीची पहिली बंदूक : टोपीची घ्यावी की चकमकीची?

पेनसिल्व्हेनियात नाताळ झाला की दुसऱ्या दिवशीपासून हरणांचा एक वेगळाच हंगाम सुरू होतो. त्यात फक्त ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी भरायची, आणि तीही चकमकीचीच बंदूक चालते. काडतूस नाही, टोपी नाही, दुर्बीण नाही. गार पोलादावर आपटायची, ठिणगी पाडायची आणि बार उडेपर्यंत नेम न हलवता उभं राहायचं. हा हंगाम १९७४ साली सुरू झाला आणि अजून टिकून आहे. दर वर्षी पानगळ सुरू झाली की इथल्या मराठी मंडळींपैकी कोणी ना कोणी मला विचारतंच, "ताई, मलाही यायचंय. पहिली बंदूक कोणती घेऊ?"

माझं मत आधीच सांगते. पैसे बेताचे असतील तर टोपीची घ्या. चकमकीची घ्यायची असेल तर स्वस्तातली घेऊ नका. आणि नाताळानंतरच्या त्या हंगामासाठीच ही सगळी धडपड असेल, तर टोपीच्या बंदुकीवर एक डॉलरही घालू नका. चांगल्या चकमकीच्या बंदुकीसाठी पैसे साठवा, त्यात एक हिवाळा गेला तरी चालेल.

'इनलाइन' नावाची आधुनिक ठासणीची बंदूकही दुकानात दिसेल. तिच्यात पेटवणी थेट दारूच्या मागे असते, वर दुर्बीण बसते. फ्रीझरमध्ये मांस हवं एवढाच हेतू असेल तर ती उत्तम. पण निशाणबाजीच्या पारंपरिक मेळ्यांत तिला प्रवेश नसतो, म्हणून ती इथे बाजूला ठेवते.

कोकणात आजोळी, संगमेश्वराकडे, शेजारच्या काकांकडे टोपीची ठासणीची बंदूक होती. शेतीच्या राखणीसाठी परवान्यावर मिळालेली. निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची. काका गज मारून ठासायचे तेव्हा आवाज हळूहळू बदलत जायचा आणि शेवटी गज हातात उसळून यायचा. बार नीट बसला हे त्यांना त्या उसळीवरून कळायचं. महाराष्ट्रात आज या हौसेला फारशी वाट नाही. शिकारीवर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आणली आणि ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो. पण शब्द मात्र आपल्याकडे तयार आहेत. नळीच्या बुडाशी असलेलं बारीक भोक म्हणजे कान. कानाशी ठेवायची बारीक दारू म्हणजे रंजक. इथल्या मित्रांना मी हे शब्द सांगते तेव्हा त्यांना फार आवडतात.

आता दोन्हींतला फरक. नळीच्या आत काहीच वेगळं नाही. मापाने मोजलेली काळी दारू, तिच्यावर तेलकट किंवा ओलसर चिंधीत बसवलेली शिशाची गोल गोळी. वेगळी आहे ती फक्त पेटवणी.

टोपीच्या बंदुकीत नळीच्या बुडाला एक पोकळ निपल असतं. त्यावर तांब्याची इवलीशी टोपी बसवायची. चाप ओढला की घोडा तिच्यावर आदळतो आणि आतला स्फोटक थर पेटून ज्वाला सरळ दारूत जाते. अलेक्झांडर फोर्साइथ नावाच्या स्कॉटिश पाद्र्याने १८०७ साली असल्या स्फोटक रसायनावर चालणाऱ्या पेटवणीचं पेटंट घेतलं, आणि पुढच्या वीसेक वर्षांत तांब्याच्या टोप्या आल्या. सेंट लुइसच्या हॉकेन बंधूंच्या आखूड, जाड नळीच्या बंदुका याच जातीच्या. आज दुकानात 'हॉकेन' नावाने जे मिळतं ते त्यांच्यावरूनच घडवलेलं, कधी हुबेहूब तर कधी नावापुरतं.

चकमकीच्या बंदुकीत घोड्याच्या जबड्यात चामड्यात गुंडाळलेली गार असते. ती पोलादाच्या उभ्या पट्टीवर आपटते, पट्टी मागे पडते, खालची वाटी उघडी होते आणि पट्टीवरून खरवडून निघालेल्या तापलेल्या पोलादाच्या ठिणग्या वाटीतल्या रंजकावर पडतात. रंजक पेटते, तिची धग कानातून आत जाते आणि मग बार. लिहायला हे लांबलचक झालं, पण कुलूप (घोडा, पट्टी, स्प्रिंग यांची ही सगळी यंत्रणा) चांगलं असेल आणि रंजक बेताची असेल तर कानाला 'क्लॅक-धाड' असं जवळजवळ एकच ऐकू येतं. बिघडलेल्या कुलपात मात्र 'क्लॅक… फुस्स… धाड', आणि त्या मधल्या वेळात नेम हमखास हलतो. कधी तर नुसतीच रंजक उडते आणि आतला बार तसाच राहतो.

पहिला मोठा फरक इथेच आहे. टोपीच्या बंदुकीवर नवखा माणूस रेंजच्या दोन-तीन फेऱ्यांत पन्नास यार्डांवर तळहाताएवढ्या जागेत गोळ्या घालायला लागतो. चकमकीच्या बंदुकीवर तेवढ्यासाठी मला एक अख्खा उन्हाळा लागला. डोळ्यांपासून वीतभर अंतरावर जाळ उठतो आणि शरीर दचकतं. ते दचकणं घालवायचा एकच उपाय मला ठाऊक आहे: धूर विरेपर्यंत नजर माशीवरून, म्हणजे नळीच्या टोकाच्या नेम धरायच्या खुणेवरून, काढायची नाही. घरी गारेच्या जागी लाकडाचा तुकडा बसवून रोज वीस वेळा चाप ओढावा. चष्मा दोन्हींत सक्तीचा समजा. आणि चकमकीच्या बंदुकीच्या उजव्या अंगाला कोणालाही उभं राहू देऊ नका, कारण कानातून आडवी ज्वाला बाहेर येते. डावखुऱ्यांसाठी डाव्या बाजूला कुलूप असलेल्या बंदुका मिळतात; डावखुरे असाल तर तीच शोधा.

यात एक लाभही आहे. चकमकीवर हात बसला की कुठलीही बंदूक हातात घ्या, नेम सुधारलेला असतो. पण तेवढी चिकाटी आपल्याकडे आहे का, हे स्वतःला खरंखरं विचारावं. महिन्यातून एकदाही रेंजवर जाणं जमणार नसेल तर चकमकीने हरणावर बार काढू नये. अर्धवट लागलेलं हरीण रात्रभर बर्फात रक्त सांडत फिरतं. त्याची जबाबदारी आपलीच.

हवेचा फरक दुसरा. टोपी निपलवर घट्ट बसली की पावसाची रिपरिप ती सोसते. चकमकीचं तसं नाही. एका वर्षी २७ डिसेंबरला सकाळपासून भुरभुर पाऊस होता. तीसेक पावलांवर मादी हरीण उभं. घोडा पडला, ठिणग्याही पडल्या, पण वाटीतल्या रंजकेचा तोवर काळा चिखल झाला होता. हरणाने मान वळवून पाहिलं आणि ते झाडीत गेलं. चूक माझी होती. तासभर मी रंजक बदलली नव्हती. आता ओल्या दिवसांत दर पंधरा-वीस मिनिटांनी वाटी पुसून नवी रंजक घालते आणि कुलपावर मेण चोपडलेल्या चामड्याचं झाकण बांधते. काळी दारू जळून उरलेली राख हवेतलं पाणी ओढते, त्यामुळे पाऊस नसला तरी दमट हवेत वाटी आणि पट्टी पुसत राहावीच लागते.

टोपीची बंदूक रुसते ती वेगळ्या कारणाने. साफ केल्यावर निपलच्या वाटेत तेल राहिलं की पहिलीच टोपी नुसती फुटते आणि बार उडत नाही. म्हणून ठासण्याआधी रिकाम्या बंदुकीवर एक-दोन टोप्या फोडून वाट कोरडी करायची. गोठलेल्या बोटांनी टोपी बसवणं कठीण, त्यासाठी टोप्या भरून ठेवायचं पितळी साधन मिळतं. ते पहिल्याच दिवशी घ्या.

कोणत्याही बंदुकीत घोडा पडूनही बार उडाला नाही, तर नळी लक्ष्याकडेच रोखून निदान एक मिनिट थांबा. उशिरा उडालेला बार माणसं घेतो.

मालाच्या मिळण्या-न मिळण्याकडे नवखे लोक लक्षच देत नाहीत. टोपीच्या बंदुकीत पायरोडेक्ससारखी पर्यायी दारू बऱ्यापैकी चालते आणि ती मोठ्या दुकानांत सहज मिळते. चकमकीला ती भरवशाची नाही, कारण तिला पेटायला जास्त उष्णता लागते. तिथे खरी काळी दारूच हवी, आणि ती सगळ्या दुकानांत नसते. २०२१ मध्ये अमेरिकेतला गोएक्सचा काळ्या दारूचा कारखाना बंद होतोय म्हटल्यावर आमच्या क्लबात डबे जपून वापरले जात होते. पुढे एस्टेस कंपनीने तो घेतला तेव्हा जीव भांड्यात पडला. उलट, करोनाच्या काळात टोप्या बाजारातून गायब झाल्या होत्या. टोपीवाले रेंजवर येईनात, चकमकवाले नेहमीसारखे येत होते. गार दगडच आहे, पोटलीभर आणून ठेवली की काही वर्षं पुरते. एखादी वीस बार देते, एखादी पन्नास. बोथट झाली की कड थोडी ठोकून पुन्हा धार काढायची.

दोन्हींना लागू असलेला नियम एकच, आणि तो मोडला तर नळी फुटते: बिनधुराची आधुनिक दारू या बंदुकांत कधीही, चिमूटभरही घालायची नाही.

पैशाचं गणित सरळ आहे. टोपीचं कुलूप साधं असतं. त्यातलं स्वस्त कुलूपही बरं चालतं. ट्रॅडिशन्ससारख्या कंपनीची तयार टोपीची बंदूक काही शे डॉलरमध्ये येते आणि ती इमानाने बार काढते. त्याच किमतीच्या चकमकीच्या बंदुकीत पट्टीचं पोलाद मऊ, स्प्रिंग मरगळलेली, गारेचा कोन चुकलेला, असं बरेचदा सापडतं. नवख्याला वाटतं चूक आपलीच आहे, आणि बंदूक कपाटात जाते. माझ्या ओळखीतल्या दोघांनी असंच सोडून दिलं, याचं मला आजही वाईट वाटतं. चकमकीच्या बंदुकीत पैसा कुलपात असतो. इटलीच्या पेडरसोलीच्या तयार बंदुका किंवा किब्लरचे जोडसंच यांचा खर्च हजार डॉलरच्या पुढे जातो, पण कुलूप पहिल्या दिवसापासून साथ देतं. किब्लरच्या संचात लाकूड यंत्रावर जवळजवळ पूर्ण कोरलेलं येतं; थोडं घासकाम, रंग आणि तेल आपलं. मला ते काम करताना लँकेस्टरच्या जुन्या जर्मन कारागिरांची आठवण येत राहिली. ज्या लांब नळीच्या रायफलीला जगाने पुढे 'केंटकी' म्हटलं, ती अठराव्या शतकात त्यांनी याच परिसरात घडवली.

गोळीच्या मापात फार अडकू नका. हरणासाठी .५० (नळीचं भोक अर्धा इंच) घ्या, दोन्ही प्रकारांत सहज मिळते. नुसती निशाणबाजी करायची असेल तर .४५ला दारू आणि शिसं कमी लागतं, पण पेनसिल्व्हेनियाच्या चकमकीच्या हंगामात .४४पेक्षा लहान चालत नाही हे ध्यानात ठेवा. .५०मध्ये .४९० इंचाची गोळी बसते, वजन सुमारे १७७ ग्रेन, म्हणजे साडेअकरा ग्रॅमच्या आसपास. सत्तर-ऐंशी ग्रेन दारूपासून सुरुवात करून आपल्या नळीला काय मानवतं ते कागदावर पाहावं. दारू ती साठवायच्या शिंगातून थेट नळीत ओतायची नाही. आधी मापात, मग नळीत. आत निखारा राहिला असेल तर हातात अख्खं शिंग पेटतं. गोळी दारूला टेकली पाहिजे, मध्ये पोकळी नको. गजावर खूण करून ठेवा. गोल गोळीचा वेग झपाट्याने उतरतो, म्हणून हरणासाठी पाऊणशे यार्डांपलीकडे मी बार काढत नाही.

सफाई दोन्हींना सारखीच, त्याच दिवशी, झोपायच्या आधी. गरम पाण्यात थोडा साबण, पहिलं पाणी शाईसारखं काळं येतं, चिंधी पांढरी निघेपर्यंत घासायचं आणि मग तेल. एक रात्र आळस केला की सकाळी नळीत गंज.

फेडरल कायद्यात अशा बंदुका 'प्राचीन शस्त्र' या व्याख्येत बसतात, म्हणून पेनसिल्व्हेनियात त्या घरपोचही येतात. शेजारच्या न्यू जर्सीत नियम कडक आहेत. व्हिसावर असाल तर पैसे भरण्याआधी वकिलाला विचारा. शिकारीसाठी प्रशिक्षणाचा वर्ग, परवाना आणि वर ठासणीचा वेगळा परवाना लागतो. टोपीच्या बंदुकीला इथे ऑक्टोबरमधला मादी हरणांचा आठवडा खुला असतो, म्हणजे ती घेऊन शिकार अजिबात होत नाही असं नाही. दुसऱ्या राज्यांत चित्र वेगळं: कोलोरॅडोच्या ठासणीच्या हंगामात टोपीची बंदूक चालते, दुर्बीण चालत नाही. तिकडे राहणाऱ्याने चकमकीच्या मागे लागायचं काहीच कारण नाही, मनापासून ओढ असेल तर गोष्ट वेगळी.

निशाणबाजीच्या मेळ्यांत दोघींनाही मान आहे. १९३३ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय ठासणी संघटनेचे मोठे मेळे इंडियानातल्या फ्रेंडशिप गावी भरतात. लहान क्लबांत रानवाटेने चालत लोखंडी तबकड्यांवर बार काढायचे, कुऱ्हाडीच्या पात्यावर गोळी दुभंगायची, खेळायचा पत्ता कडेने लावून गोळीने कापायचा असे खेळ असतात. खरेदीआधी एकदा तिथे जा. लोक आपली बंदूक आनंदाने हातात देतात, आणि दोन-चार बार काढल्यावर आपलं मन कुठे ओढ घेतं ते कळतं.

जुनी बंदूक घेत असाल तर चकमकीचं कुलूप अंधाऱ्या खोलीत, रिकाम्या वाटीवर पाडून बघा. ठिणग्या वाटीत पडून क्षणभर सळसळल्या पाहिजेत. पण त्याच्याही आधी, बंदूक कोणत्याही प्रकारची असो, गज नळीत सोडा, तोंडाशी बोट धरून काढा आणि नळीला बाहेरून लावून पाहा. गज कानापर्यंत पोचत नसेल तर आत कोणाचा तरी जुना बार ठासलेला आहे. माळ्यावरच्या बंदुका अशा भरलेल्या निघतात.