हप्ता वाढवावा की वर्षाला एकरकमी भरावी?

50 लाखांचं गृहकर्ज, व्याज 8.5 टक्के, मुदत 20 वर्षं: हप्ता सुमारे 43,390. तो पहिल्यापासून 48,000 केला तर कर्ज 190 महिन्यांत फिटतं, व्याजाचे 13 लाख वाचतात. तेवढेच जादा पैसे, म्हणजे बारा महिन्यांचे मिळून 55,300, दर वर्षअखेरीस एकरकमी भरले तर जेमतेम दोन महिने जास्त लागतात. व्याजावरून भांडण्यात अर्थ नाही, जोखीम बघा.

वाढवलेला हप्ता नोकरी गेली तरी कापायला येणारच. बाउन्स झाला की दंड, शिवाय सिबिल (कर्जफेडीच्या सवयीवरून मिळणारा स्कोअर) खराब. एकरकमीत गोची वेगळी: कधीकधी पैसे मुद्दलात न जाता आगाऊ हप्ता म्हणून पडून राहतात. अर्जात ‘मुद्दलात जमा करा, मुदत घटवा’ असं स्पष्ट लिहा, परतफेडीचं नवं वेळापत्रक मागून घ्या.

पगार पक्का, पण हातात पैसा टिकत नसेल तर हप्ता वाढवा. धंदेवाल्यांनी, कमिशनवाल्यांनी एकरकमीच भरावी.