बंद चोक दाखवून माझे 42,500 रुपये उकळले

वडिलांची 1968 ची फोक्सवॅगन बीटल गाडी माझ्याकडे आहे. कुर्ल्याकडच्या एका गॅरेजात तिच्यापायी माझे 42,500 रुपये गेले आणि वर तिचा मूळ जर्मन सोलेक्स कार्बोरेटरही (इंजिनासाठी हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) गेला. पैशांपेक्षा तोच जास्त लागलाय.

गाडी काळा धूर सोडत होती, पेट्रोलचा वास यायचा, प्लग काजळलेले. आरसीचं नूतनीकरण तोंडावर, पीयूसी मिळेना. घाई होती, आणि गॅरेज ओळखीतूनच कळलं होतं. गॅरेजवाल्याने गाडी रात्रभर ठेवून घेतली. जानेवारीतली सकाळ. मागचं, इंजिनावरचं झाकण उघडून एअर फिल्टर काढला आणि म्हणाला, "साहेब, आत बसून एकदा पूर्ण रेस दाबा आणि सोडा. आता इकडे या." कार्बोरेटरच्या तोंडावरची झडप, म्हणजे चोक, बंद. "बघा, ऑटो चोक जाम. अख्खा कार्बोरेटर बदलावा लागेल."

इथेच मला कळायला हवं होतं! थंड इंजिनात ती झडप बंदच असायला हवी. बाजूच्या गोल डबीत दोन धातूंच्या पट्टीची गुंडाळी असते. थंड असताना ती झडप बंदीकडे ओढते, म्हणजे हवा कमी आणि पेट्रोल जास्त. पण रेस दाबल्याशिवाय झडप बंद व्हायला मोकळी होत नाही, म्हणून सुरू करण्याआधी एकदा पेडल दाबायचं. वडील रोज सकाळी हेच करायचे. मी शेजारी बसून बघितलंय. आणि त्या दिवशी मीच पेडल दाबलं, मीच झडप बंद केली आणि मीच "हो, जाम आहे" म्हणालो.

आगाऊ 15,000, माल आला म्हणून 22,500, मजुरी 3,800, ट्यूनिंगचे 1,200. जुना भाग मागितला तर म्हणे भंगारात गेला. जुना भाग हातात आल्याशिवाय शेवटचा पैसा देऊ नका.

धूर थांबला, म्हणून मी गप्प बसलो. तीन आठवड्यांत नवा कार्बोरेटर गळायला लागला. दादरच्या एका वयस्कर फिटरने बघताक्षणी सांगितलं, नक्कल आहे. मग माझ्या फोनमधला त्या सकाळचा फोटो मोठा करून दाखवला: डबीखाली चोकची वायर लोंबकळतेय. बीटलचं इंजिन हवेवर थंड होतं, त्यामुळे ती गुंडाळी तापते विजेवर. इग्निशन चालू झालं की इग्निशन कॉइलकडून त्या वायरने 12 व्होल्ट येतात, गुंडाळी सैल होते, काही मिनिटांत झडप उघडते. वायर निघाली की झडप नीट उघडत नाही, धूर येतच राहतो. वीस रुपयांची क्लिप! म्हणून चोक गेला असं कुणी म्हटलं तर आधी इंजिन चांगलं तापवून झडप बघा, आणि ती वायर बघा.

पोलीस ठाण्यात तीन खेपा घातल्या. पहिल्यांदा साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्यांदा, "हा दिवाणी मामला, ग्राहक आयोगात जा." अहो, माझी वस्तू त्याने ठेवून घेतली, ती चोरी नाही? तिसऱ्यांदा दीड तास बाकावर बसवून विचारलं, बिल कुठाय? बिल नव्हतं. यूपीआयचे पैसे त्याच्या मेव्हण्याच्या खात्यात गेलेले, म्हणून "नाव जुळत नाही." फोटो दाखवला तर, "यात काय कळतंय?" साधी एनसी (अदखलपात्र तक्रारीची नोंद) घेतली नाही, अर्जाच्या प्रतीवर शिक्कासुद्धा दिला नाही. साठीच्या माणसाला उभ्या उभ्या वर ऐकवलं, एवढी जुनी गाडी ठेवायचीच कशाला. आमच्या करातून पगार घेणाऱ्यांनी हे विचारायचं?

पक्कं बिल घ्या, पैसे गॅरेजच्याच खात्यात टाका. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर फोन करतानाही कागद जवळ हवेत. गाडी टाकण्याआधी कार्बोरेटरवरच्या अक्षरांचे फोटो काढा.

माझ्या जुन्या सोलेक्सच्या अंगावर, चोकच्या डबीजवळ, वडिलांनी खिळ्याने बारीक 'श्री' कोरलेला आहे. तो कुणाकडे विकायला आला तर घेण्याआधी मला कळवा.