आर्केड पॅनलसाठी घेतलेल्या वायरी, लग आणि क्रिम्पर: काय कामाला आलं, काय डब्यात पडलं

आर्केड पॅनल, म्हणजे व्हिडिओ गेमची जॉयस्टिक-बटणं बसवलेली फळी, बनवायला घेतलं की सगळे बटणांवर तासभर बोलतात, कुठल्या कंपनीचं, कुठल्या रंगाचं, स्प्रिंग कडक की मऊ, आणि वायरींचा विषय निघाला की "घे रे कुठल्या पण, काय फरक पडतो". मी पण तेच ऐकलं आणि तीन वेळा ऑर्डर केली. जे काम एका खरेदीत व्हायला हवं होतं त्याला तीन लागल्या म्हणून हा रिव्ह्यू लिहितोय.

आधी माझं पॅनल काय ते सांगतो म्हणजे आकडे कळतील. दोन खेळाडू, प्रत्येकी एक जॉयस्टिक, सहा बटणं, वर स्टार्ट आणि कॉइन. जॉयस्टिकचे ४ स्विच आणि ही ८ बटणं, म्हणजे एका बाजूला १२, दोन्हीकडचे मिळून २४. प्रत्येक स्विचला धातूच्या दोन पत्त्या असतात, सिग्नल आणि ग्राउंड, त्या जोडायच्या म्हणजे ४८ लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची आणि पत्तीवर सरकवायची क्लिप). वाया जाणारे धरून ६०-७० तरी हवेत, कारण पहिले दहा तुम्ही नक्की बिघडवणार. वायरीचं म्हणाल तर प्रत्येक सिग्नलला अंदाजे ६० सेंमी धरली तर साडेचौदा मीटर, वर ग्राउंडची माळ (सगळ्या स्विचचे ग्राउंड एकामागून एक जोडत जाणारी वायर) चारेक मीटर, म्हणजे २५ मीटर घेतली की निवांत. हा हिशोब मी सगळं विकत घेऊन झाल्यावर केला, ते जाऊ दे.

वायर घेतली २२ गेज मल्टीस्ट्रँड (आत अनेक बारीक तारा असलेली), सहा रंगांचे छोटे रोल एका खोक्यात येतात तो सेट. खरं सांगायचं तर करंटसाठी एवढ्या जाड वायरीची गरजच नाही, एन्कोडर (बटणं यूएसबीने कॉम्प्युटरला जोडणारं छोटं बोर्ड) फक्त पिन ग्राउंडला टेकली की नाही एवढंच बघतो, त्यातून जाणारा करंट अगदीच किरकोळ असतो, २८ गेज पण चालली असती (गेजचा आकडा वाढला की वायर बारीक होते, उलटं आहे ते). मग २२ का, तर लगमुळे. लाल कॉलरचे (बुडाशी लाल प्लास्टिकची नळी असलेले) जे कॉमन लग मिळतात ते २२ ते १६ गेजसाठी असतात, त्याहून बारीक वायर त्यात धरत नाही, दाबलं तरी ओढल्यावर बाहेर येते. आणि खूप जाड घेतली तर ती वळत नाही आणि बारक्या पत्त्यांवर ताण येतो. म्हणून २२, फार तर २०.

पण पहिला सेट आला तो तांब्याचा नव्हताच! पानावर लिहिलेलं तांबं, टोकं दिसायला लालसर, सगळं झकास. सोलताना तीन-चार तारा तुटल्या, म्हटलं माझाच हात जड आहे. मग दोनदा वाकवली की तुटायला लागली तेव्हा ब्लेडने एक तार खरवडून बघितली तर आत चांदीसारखी पांढरी, म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. इथे एक घोळ होतो तो सांगून ठेवतो, काही चांगली वायर वरून पांढरी असते कारण तांब्यावर कथलाचा थर असतो, ती खरवडली की आत लाल निघते. म्हणजे वरून पांढरी आत लाल असेल तर बिनधास्त वापरा, वरून लाल आत पांढरी असेल तर परत पाठवा. विकणाऱ्याने परत घेतला, वाद घातला नाही, पण पानावरचं वर्णन अजून तेच आहे.

दुसरा सेट मस्त निघाला, पीव्हीसीचं आवरण, आत १७ बारीक तारा. सिलिकॉनची वायर पण हातात घेऊन बघितली, ती शेवयांसारखी लुळी असते, वळवायला मजा येते, पण आवरण इतकं मऊ की लगचे कान (वायरीवर दुमडायच्या बारक्या पात्या) दाबले की त्यातच घुसतात. नेटवर्क केबल उसवून वापरायचा सल्ला बरेच जण देतात, फुकटात भरपूर रंग मिळतात हे मान्य, पण भिंतीतून टाकायच्या केबलमध्ये तार एकच आणि अखंड असते, पॅनल उघड-बंद करताना दहा-वीस वेळा वाकली की आतल्या आत तुटते आणि बाहेरून काही दिसत नाही. तसल्या तुटलेल्या तारेला शोधण्यात एक रविवार गेलाय माझा, जुन्या एका प्रोजेक्टमध्ये, म्हणून यावेळी त्या वाटेला गेलोच नाही.

आता लग, आणि खरी रड इथेच आहे. मी घेतला "सगळ्या साइज एकत्र" वाला डबा. दिसायला भरगच्च, कप्पे, झाकण, सगळं. त्यात २.८, ४.८ आणि ६.३ मिमी असे तीन माप, नर-मादी दोन्ही. पण उघडून मोजलं तर निम्म्याहून जास्त ६.३ चे, जे माझ्या एकाही स्विचला लागत नाहीत, आणि नर लग तर अजिबातच लागत नाहीत कारण स्विचवर पत्ती आधीच असते. सान्वा या जपानी कंपनीच्या ३० मिमीच्या बटणांना २.८ लागतात, मायक्रोस्विचवाल्या अमेरिकन पद्धतीच्या बटणांना बहुतेक वेळा ४.८. बटण हातात आल्यावर पत्तीची रुंदी व्हर्निअरने मोजा आणि मगच लग मागवा, फोटो बघून अजिबात नाही. आणि नुसती रुंदी नाही, जाडी पण बघा, ४.८ ची पत्ती ०.५ मिमी जाडीची पण असते आणि ०.८ ची पण, आणि ०.८ साठी बनवलेला लग ०.५ वर घातला की हलतो.

मला हे कसं कळलं तर ४.८ वाले संपले म्हणून मी दोन-तीन ठिकाणी ६.३ चे घातले. बसतात ना, पक्कडीने जरा चेपले की बसल्यासारखे वाटतात. आठ दिवस सगळं व्यवस्थित चाललं आणि मग दुसऱ्या खेळाडूचं तिसरं बटण अधूनमधून मुकं व्हायला लागलं. मी एन्कोडरवर संशय घेतला, सेटिंग बदललं, यूएसबी केबल बदलली, शेवटी एन्कोडरच नवीन मागवला. चोर सोडून संन्याशाला फाशी. नव्या एन्कोडरवर पण तेच, तेव्हा पॅनल उलटं करून बघितलं तर तो लग पत्तीवरून अर्धा उतरलेला. म्हणजे डब्याला माझे ५ पैकी २, आणि ते दोन पण डब्याच्या कप्प्यांसाठी. सुटे, एकाच मापाचे, शंभराचे पाकीट घ्या.

नंतर तयार ग्राउंडची माळ मिळते ते कळलं आणि एवढा राग आला स्वतःचा. एकच काळी वायर, दर काही सेंटिमीटरवर ४.८ चा लग कंपनीतूनच दाबलेला, एका टोकाला एन्कोडरकडे जाणारी शेपटी. वीस मिनिटांत सगळे ग्राउंड झाले. तक्रार एकच, दोन लगमधलं अंतर बटणांसाठी बरोबर आहे पण डाव्या खेळाडूकडून उजव्याकडे उडी मारायला पुरत नाही, तिथे मला जोड द्यावा लागला. मागवताना अंतर विचारा. तरी ५ पैकी साडेचार.

माळ स्वतः बनवणार असाल तर एक गोष्ट समजून घ्या. लग पत्तीवरून निसटला तर फक्त ते एक बटण जातं, कारण त्यातल्या दोन्ही वायरी लगमध्ये एकत्रच असतात. पण वायर लगमधून सुटली तर तिथून पुढची सगळी बटणं एका झटक्यात मेली. माझी चार एकदम गेली होती, आणि पॅनलवर थाप मारली की परत यायची, घरच्यांना वाटलं हाच खेळ आहे. उपाय सोपा आहे, माळेचं शेवटचं टोक परत आणून एन्कोडरच्या ग्राउंडला जोडा, मग मध्ये एका ठिकाणी तुटली तरी दुसऱ्या बाजूने ग्राउंड मिळत राहतं. आणि लाल लगमध्ये २२ च्या दोन वायरी एकत्र छान बसतात, एकट्या वायरीपेक्षा घट्ट. एकटी असेल तर सोललेलं टोक दुमडून दुहेरी करा.

ती चार बटणं गेली कारण मी क्रिम्पिंग, म्हणजे लग वायरीवर दाबायचं काम, साध्या पक्कडीने केलं होतं, हे कबूल करतो. रॅचेटवाला क्रिम्पर घेतल्यावर फरक डोळ्यांना दिसला, तो पूर्ण दाबला गेल्याशिवाय सोडतच नाही, त्यामुळे अर्धवट दाब हा प्रकारच संपला. फक्त त्याचे जबडे बघून घ्या, लाल-निळ्या कॉलरवाल्या लगसाठी जबडा वेगळा आणि उघड्या कानांच्या पितळी लगसाठी वेगळा, कान आत वळवून तारेत रोवणारा. माझ्यात जबडे बदलता येतात. उघड्या कानांचे लग घेतले तर पुढचे कान उघड्या तारेवर आणि मागचे आवरणावर बसले पाहिजेत, आणि वरून प्लास्टिकची टोपी चढवायची ती वायरीत आधीच ओवून ठेवा, नंतर चढत नाही (विचारू नका कितीदा). प्रत्येक लग दाबला की एकदा जोरात ओढून बघा. क्रिम्परला पूर्ण ५.

स्विचला थेट डाग देऊ का असं विचारणारे असतात. नका देऊ, पत्तीच्या बुडाचं प्लास्टिक वितळतं, आणि स्विच खराब झाला की परत सगळं कापत बसा.

एन्कोडरच्या बाजूला स्क्रू टर्मिनल असेल तर तारेच्या टोकाला सोल्डर लावून कसू नका, सोल्डर दाबाखाली हळूहळू पसरतो आणि स्क्रू सैल पडतो. त्याऐवजी फेरुल लावा, छोटी नळी असते ती. एन्कोडर स्वस्तातला, दोन पिनांच्या पांढऱ्या सॉकेटवाला असेल तर सोबतच वायरी येतात, पण जादा मागवताना नुसतं "जेएसटी" म्हणू नका, ते कंपनीचं नाव आहे, तिचे ढीगभर प्रकार आहेत. एक्सएच म्हणजे पिनांमधलं अंतर २.५ मिमी, पीएच म्हणजे २ मिमी, फोटोत दोन्ही सारखेच दिसतात आणि एकमेकांत जात नाहीत.

शेवटची खरेदी माझी सगळ्यात आवडती. पॅनल कॅबिनेटपासून सुटं करता यावं म्हणून २५ पिनांचा जुन्या प्रिंटर पोर्टसारखा कनेक्टर घेतला, स्क्रू टर्मिनलवाला, म्हणजे डाग द्यायला नको. २४ स्विच आणि १ ग्राउंड, बरोबर २५, एकही पिन उरली नाही. एवढा जुळलेला हिशोब माझ्या आयुष्यात दुसरा नाही. बटणांतले दिवे मात्र त्यातून नेता येत नाहीत, त्यांना ५ व्होल्टची वेगळी लाइन टाकली.

६.३ चे लग अजून तसेच डब्यात आहेत, कुणाला लागले तर सांगा.