पेंटियम थ्रीवर विंडोज ९८ एसई (सेकंड एडिशन), हार्ड डिस्कच्या जागी सीएफ कार्ड: आठ महिन्यांचा अनुभव

मशीन: पेंटियम थ्री ५००, इंटेलच्या ४४०बीएक्स चिपसेटचा मदरबोर्ड, २५६ एमबी रॅम. घरघरणारी हार्ड डिस्क काढून तिथे आयडीई (जुन्या हार्ड डिस्कची जोडणी) अडॅप्टरवर १६ जीबीचं कॉम्पॅक्ट फ्लॅश (सीएफ) मेमरी कार्ड बसवलंय. काम एकच: लग्नपत्रिकांच्या जुन्या मराठी डीटीपी फाइली उघडणं. त्या सॉफ्टवेअरचा डोंगल (ज्याशिवाय ते चालत नाही अशी किल्लीवजा डबी) पॅरलल पोर्टलाच, म्हणजे जुन्या प्रिंटरच्या पोर्टलाच लागतो. यूएसबी-टू-पॅरलल केबलवर पैसे घालवू नका. ती प्रिंटरपुरती असते, डोंगल तिच्यातून दिसत नाही. पोर्टावर लावूनही दिसला नाही, तर बायोसमध्ये (मशीन चालू होताना उघडणारी मूळ सेटिंग) त्या पोर्टचा मोड ईसीपी बदलून एसपीपी करून पाहा.

कार्ड १६ जीबीचंच का? त्या काळच्या बऱ्याच बायोसना ३२ जीबीच्या वरची डिस्क झेपत नाही, मशीन डिस्क ओळखतानाच अडकतं. रॅमचंही तसंच. २५६ एमबीची आठ चिपांची काडी बीएक्सवर निम्मीच दिसते. सोळा चिपांची घ्या. काडी खराब म्हणून दुकानदाराशी भांडण्याआधी चिपा मोजा.

इन्स्टॉल करताना सगळ्यात जास्त वेळ खाते ती बूटची भानगड. स्टार्टअप फ्लॉपीने चालू करा, एफडिस्कमध्ये (डिस्कचे भाग पाडणारा प्रोग्राम) लार्ज डिस्क सपोर्टला वाय दाबा, पार्टिशन बनवून ते अ‍ॅक्टिव्ह करा, रीस्टार्ट करून फॉरमॅट सी: /एस. एवढं करूनही काळ्या स्क्रीनवर नुसता कर्सर लुकलुकत राहिला, तर कार्डावर बूट कोड (मशीनला विंडोज सुरू करून देणारा कोड) नाही असं समजा. एफडिस्क /एमबीआर दिलं की बहुतेक वेळा सुटतं.

सीडीवरून थेट सेटअप चालवू नका. विन९८ फोल्डर आधी कार्डावर कॉपी करा आणि तिथून सेटअप द्या. मग प्रत्येक ड्रायव्हरला सीडी मागत नाही. कॉपीआधी स्मार्टड्राइव्ह (कॉपीचा वेग वाढवणारा छोटा प्रोग्राम) चालवा, नाहीतर चहा करून, पिऊन, कप विसळून आलात तरी कॉपी चालूच असेल. ही फाइल स्टार्टअप फ्लॉपीवर नसते, आधीच टाकून ठेवा. चिपसेटसाठी वेगळं काही लागत नाही, ९८ एसई बीएक्स ओळखते. ग्राफिक्स आणि साउंडचे ड्रायव्हर तेवढे टाकायचे.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये डीएमएची (प्रोसेसरवर भार न टाकता डिस्कचा डेटा वेगाने नेण्याची सोय) टीक लावायचा मोह होतो. स्वस्त अडॅप्टरांत डीएमएच्या लाइनी जोडलेल्याच नसतात. टीक लावली की पुढच्या वेळी मशीन लोगोवरच थिजतं. थोडे जास्त गेले तरी डीएमएवालंच घ्या.

कार्डावर सतत लिहिलं जाऊ नये म्हणून सिस्टिम.आयएनआयमध्ये ३८६एनएच विभागाखाली कन्झर्व्हेटिव्हस्वॅपफाइलयूसेज=१ टाकलंय, म्हणजे विंडोज आधी रॅम वापरते आणि कार्डावरची स्वॅप फाइल नंतर. आठ महिन्यांत कार्डाने एकदाही दगा दिला नाही.

९८ एसईला पेनड्राइव्हसाठी वेगळा ड्रायव्हर लागतो. त्यापेक्षा मशीन बंद करून कार्ड काढा, रीडरमध्ये घाला, फाइली घ्या. बाकी नव्या मशीनवर त्या मूळ फॉन्टाशिवाय उघडल्या तर अगम्य अक्षरं दिसतील. मजकूर युनिकोडमध्ये नाही. पीडीएफ करून नेणंच बरं.

नाशिकच्या पावसाळ्यात दमटपणामुळे रॅमच्या काडीच्या कडेच्या धातूच्या पट्ट्या काळवंडतात. चालू करताच लांब बीप वाजत राहिला, तर काडी काढून पट्ट्या खोडरबरने घासा. तारीख मागे जायला लागली की सीआर२०३२ सेल बदला. एमजी रोडवर कुठेही मिळतो. सेल बदलल्यावर बायोसमध्ये डिस्क ऑटो आणि एलबीएवर (मोठ्या डिस्कचा मोड) आहे ना, आणि एलपीटी (पॅरलल पोर्ट) परत ईसीपीवर गेलं नाही ना, एवढं बघा.