प्यू रिसर्चची साइट वर्षभर वापरली, कशी वाटली ते सांगते

ऐरोलीला एका कंपनीत दोन वर्षं मी सर्व्हेचं काम केलंय, रात्रभर अमेरिकेतल्या लोकांना फोन लावून सर्व्हे घ्यायचे. संध्याकाळी ठाण्याहून ट्रान्सहार्बर पकडायची, पहाटे परत. शंभर फोन लावले तर दोन-चार जण बोलणार, बाकीचे हॅलो ऐकूनच कट. टीम लीडर म्हणायचा तुझा टोन चुकतोय, आणि मला ते पटायचं पण. नंतर प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकेतल्या सर्व्हे करणाऱ्या संस्थेच्या साइटवर वाचलं की त्यांच्या स्वतःच्या फोन सर्व्हेला १९९७ मध्ये ३६ टक्के लोक उत्तर द्यायचे आणि २०१८ मध्ये फक्त ६ टक्के. खरं सांगते, रडू आलं. तेव्हापासून ही साइट वाचतेय.

रिपोर्ट सगळे फुकट. मूळ डेटा हवा असेल तर अकाउंट काढायचं, त्याचेही पैसे नाहीत. मला सगळ्यात आवडलं ते हे की प्रश्न जसा विचारला तसाच्या तसा छापतात, पर्यायांसकट. आपल्याकडे चॅनेलवाले नुसता आकडा फेकतात, विचारलं काय होतं ते कळतच नाही. आणि जुने आकडे शेजारी ठेवतात, म्हणजे वॉशिंग्टनचं सरकार बहुतेक वेळा योग्य तेच करेल असा भरवसा १९५८ मध्ये चारातल्या तिघांना होता (तो सर्व्हे प्यूचा नाही, त्यांच्या आधीचा), २०२३ मध्ये १६ टक्क्यांना.

पण माझं म्हणणं, निवडणुकीचे आकडे जरा बाजूला ठेवा आणि घरातले वाचा. त्यासाठी गॅलप या दुसऱ्या सर्व्हे संस्थेची साइटही सोबत उघडा. काळ्या-गोऱ्यांचं लग्न चालेल म्हणणारे १९५८ मध्ये ४ टक्के होते, २०२१ मध्ये ९४. आणि त्याच देशात मुलानं विरोधी पक्षाच्या घरात लग्न केलं तर वाईट वाटेल म्हणणारे १९६० मध्ये जेमतेम ५ टक्के, २०१० च्या यूगोव या सर्व्हे कंपनीच्या सर्व्हेत मात्र रिपब्लिकनांमधले जवळजवळ निम्मे आणि डेमोक्रॅटांमधले एक तृतीयांश! आम्ही नौपाड्यात राहतो, आईकडे भिशीच्या बायकांकडून स्थळं येत असतात, तिला हे वाचून दाखवलं तर म्हणाली, म्हणजे तिकडेही आधी घराणंच बघतात की.

पोल चुकतात त्याचं काय, असं सगळे विचारतात. चुकतात. २०२० च्या अमेरिकन निवडणुकीत तर गेल्या चाळीस वर्षांतली सगळ्यात मोठी चूक झाली. पण फोन न उचलणारे लोक उचलणाऱ्यांपेक्षा वेगळे असले की नुसती संख्या वाढवून काही होत नाही, आणि हे १९३६ पासून माहितीये. लिटररी डायजेस्ट नावाच्या साप्ताहिकानं तेव्हा कोटीभर मतपत्रिका पोस्टानं पाठवल्या, वीस लाखांवर परत आल्या, राष्ट्राध्यक्षपदाला लँडन जिंकणार म्हणाले आणि रूझवेल्टनं ४८ पैकी ४६ राज्यं घेतली. गॅलपनं त्याहून कितीतरी कमी लोकांना विचारून बरोबर सांगितलं. आमच्याकडे रोज फक्त किती सर्व्हे कम्प्लीट झाले ते विचारायचे, कोण बोलतंय हे एकदाही कुणी विचारलं नाही. प्यू आता घरोघरच्या पत्त्यांमधून चिठ्ठ्या काढल्यासारखे पत्ते निवडून पत्र पाठवतं, त्यातून साधारण दहा हजार लोकांचं पॅनेल (म्हणजे पुन्हा पुन्हा विचारायला ठरलेली माणसं) केलंय, ज्यांच्याकडे नेट नव्हतं त्यांना आधी टॅब्लेट आणि नेट द्यायचे. हे वाचून बरं वाटलं.

तक्रारी आहेतच. मोबाइलवर चार्ट बारीक दिसतात, पद्धतीवरची पानं जड जातात. अमेरिकेतल्या आशियाई लोकांवरचा २०२२-२३ चा सर्व्हे ७,००६ जणांचा, हिंदीतही घेतला, पण त्यात मराठी, गुजराती, तेलुगू सगळे एका 'भारतीय' रकान्यात. न्यू जर्सीतल्या माझ्या मावसभावाचं घर त्यात मला तरी सापडलं नाही.

पाचपैकी साडेचार. सुरुवातीला टॉपलाइन नावाची पीडीएफ उघडा, त्यात प्रश्न असतात, बातमी नंतर वाचा. माझ्या दोन मैत्रिणी अजून ऐरोलीत त्याच कामावर आहेत, त्यांना मी तो ६ टक्क्यांचा चार्ट लगेच पाठवला.