रुम्बकचा होमस्टे (हेमिस नॅशनल पार्क, लडाख): ज्याची पाळी त्याच्या घरी पाहुणा

सप्टेंबरमधे बायको आणि मुलीला घेऊन रुम्बकला दोन रात्री राहून आलो, लेहवरून झिंगचेनपर्यंत गाडी आणि पुढे ओढ्याच्या कडेकडेने पायी. गाव म्हणजे मोजून थोडीशी घरं, पुढचं युरुत्से तर एकाच घराचं!

पहिलं म्हणजे इथे घर आपण निवडायचं नाही. गावाने पाळी लावलीये, ज्या घराची पाळी तिथे पाहुणा जाणार. आमच्या एजंटने लेहमधे एका घराचे फोटो दाखवून हेच देतो म्हणून सांगितलेलं त्यामुळे पोचल्यावर मी जरा चिडलोच होतो, पण घरच्या आमालेंनी (आईच्या वयाच्या बायकांना तिकडे असंच म्हणतात) मोडक्या हिंदीत समजावलं की असं केलं नाही तर रस्त्याजवळच्या घरालाच सगळे पाहुणे मिळतील, मग वरच्यांनी काय करायचं? पटलं एकदम. पैसे पण थेट त्यांच्याच हातात दिले.

जेवायला स्क्यू, म्हणजे कणकेचे अंगठ्याने दाबलेले तुकडे भाजीच्या रश्शात शिजवलेले, आपल्या चकोल्यांची सख्खी बहीणच. लोणी-मिठाचा चहा मुलीला नाही झेपला, मी तीन पेले प्यायलो. संडास कोरडा आहे, वरून माती टाकायची आणि नंतर त्याचंच शेताला खत. नाक मुरडू नका, लेहला वर्षाला 100 मिमीच्या आसपास पाऊस पडतो, तिथे फ्लशला पाणी आणायचं कुठून?

पण मला सगळ्यात भिडला तो मेंढ्यांचा वाडा. वरून पूर्ण जाळी मारलेली. पूर्वी शान (हिमबिबट्या) उघड्या छतातून आत उतरायचा आणि एका रात्रीत कितीतरी मेंढ्या मारायचा, मग चिडून लोक त्याला मारायचे. स्नो लेपर्ड कॉन्झर्वन्सी या हिमबिबट्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेने गावांसोबत बसून अशा जाळ्या मारल्या आणि होमस्टे पण उभे केले, आता त्याच शानला बघायला लोक येतात आणि घरात पैसा येतो. 2024 ला जाहीर झालेल्या मोजणीत देशातल्या 718 पैकी 477 हिमबिबटे लडाखमधेच निघाले! आम्हाला दिसला नाही, भरलांचा (डोंगरातल्या जंगली मेंढ्यांसारखे प्राणी) कळप मात्र अगदी जवळून दिसला. शानसाठी जायचं तर फेब्रुवारी-मार्च, थंडी सोसायची तयारी हवी.

विरळ हवेची सवय व्हायला लेहला आधी दोन-तीन दिवस काढाच, रुम्बक त्याहून उंचावर आहे. पाण्याची बाटली घरून न्या, उकळलेलं पाणी तिथे भरून देतात. आणि प्लीज, पाळीचं घर बदलून मागू नका.